दृश्यकादंबरीचे समीक्षण : चित्रकथी आणि पाठचिकित्सा या दोन परंपरांच्या संदर्भात

सारांश

जपानमध्ये विकसित झालेली ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ अर्थात दृश्यकादंबरी हा संगणकीय खेळ आणि कादंबरी यांच्या सीमेवरील वाङ्मयप्रकार आहे. त्याचे समीक्षण बहुतांशी वस्तूच्या परीक्षणाप्रमाणे, गुण देऊन, केले जाते. या पद्धतीच्या मर्यादा दाखवून मराठी परंपरेतील दोन साधने, चित्रकथीचे चित्र-निवेदन आणि पाठचिकित्सेची तौलनिक पद्धती, या प्रकाराच्या समीक्षेस कितपत उपयोगी पडतात याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

बीजशब्द : दृश्यकादंबरी, चित्रकथी, पाठभेद, निवड, अनुवाद, मराठी समीक्षा

१. प्रस्तावना

‘गेम’ हा शब्द मराठी कुटुंबांत आणि महाविद्यालयांच्या शिक्षककक्षांत साधारणतः तक्रारीच्या सुरात उच्चारला जातो. वाया गेलेला वेळ, मोबाइलचे व्यसन आणि पैशांचा जुगार या तीन गोष्टी त्या शब्दाला चिकटलेल्या आहेत. यांपैकी शेवटच्या बाबतीत कायद्याने भेद केलेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे खेळ प्रतिबंधित केले आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ यांना त्यांपासून वेगळे काढले. कायद्याने जो भेद केला तो साहित्यसमीक्षेने मात्र अद्याप पुरेसा केलेला नाही. गोळीबाराचा खेळ आणि ज्यात वाचक तीस-चाळीस तास केवळ मजकूर वाचतो अशी कृती, ही दोन्ही मराठी बोलण्यात ‘गेम’च ठरतात.

हा दुसरा प्रकार म्हणजे दृश्यकादंबरी. ती संगणकावर आणि मोबाइलवर सहज मिळते आणि मराठी भाषक तरुण ती प्रायः इंग्रजीतून वाचतो. ग्रंथालयाच्या नोंदीत न येणारे हे वाचन आहे. परंतु ते वाचन आहे, यात शंका नाही. ज्या वाचनाची दखल अध्यापक घेत नाहीत, त्या वाचनाची अभिरुची घडविण्याची संधीही ते गमावतात. म्हणून या प्रकाराचे समीक्षण कोणत्या निकषांवर करावे, हा प्रश्न मराठीच्या अभ्यासकांपुढे आहे.

२. दृश्यकादंबरीचे स्वरूप आणि वाटचाल

दृश्यकादंबरीच्या पडद्यावर तीन गोष्टी असतात : स्थळ दाखविणारे पार्श्वचित्र, त्यावर उभी असलेली पात्राची आकृती आणि खाली मजकुराची चौकट. बटण दाबले की पुढचे वाक्य येते. पात्राचा चेहरा बदलतो, संगीत बदलते, काही ठिकाणी नटाचा आवाज ऐकू येतो. मधूनच दोन-तीन पर्याय पुढे येतात आणि वाचकाच्या निवडीनुसार कथा वेगळ्या फाट्यावर जाते.

या प्रकाराचा उगम शोधताना १९८३ मध्ये एनिक्स या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या आणि युजी होरी यांनी रचलेल्या ‘पोर्टोपिया’ या खून-तपासाच्या कथेपर्यंत जावे लागते. तिच्यात शोध आणि कोडी यांना महत्त्व होते. चुनसॉफ्ट या कंपनीच्या ‘ओतोगिरिसो’ (१९९२) आणि ‘कामाइताची नो योरु’ (१९९४) या कृतींनी कोडी बाजूस सारून वाचन केंद्रस्थानी आणले व त्यास ‘साउंड नॉव्हेल’ असे नाव दिले. ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ ही संज्ञा १९९६ मध्ये लीफ या संस्थेच्या ‘शिझुकु’पासून सुरू झालेल्या मालिकेमुळे रूढ झाली. पुढे २००४ मध्ये ‘क्लॅनाड’ आणि ‘फेट/स्टे नाइट’ या दोन बृहद् कृती आल्या. २००२ ते २००६ या काळात ‘हिगुराशी नो नाकु कोरो नि’ ही ग्रामीण रहस्यकथा प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते कोणत्याही मोठ्या कंपनीचे नव्हते. आरंभी हौशी प्रकाशनांच्या मेळ्यात विकली गेलेली ही कृती पुढे देशभर गाजली.

आज ही शैली जपानपुरती उरलेली नाही. ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ (२०१७) ही अमेरिकेत निर्माण झालेली कृती जपानी शैलीचे सर्व संकेत स्वीकारते आणि अखेर त्यांवरच उलटते.

३. गुणांकनाची मर्यादा

जपानमधील ‘फामित्सू’ हे नियतकालिक १९८६ पासून खेळांची परीक्षणे प्रसिद्ध करीत आले आहे. त्याच्या प्रसिद्ध पद्धतीत चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात. एकूण गुण चाळीस. २००८ मधील ‘४२८ : शिबुया स्क्रॅम्बल’ या प्रायः मजकुरानेच बनलेल्या कृतीस चाळीसपैकी चाळीस गुण मिळाले होते. ग्राहकाने पैसे खर्च करावेत किंवा नाही, याचे उत्तर ही पद्धत देते आणि त्या मर्यादेत ती प्रामाणिकही आहे.

तथापि, साहित्यकृतीच्या समीक्षेसाठी ती अपुरी ठरते. चित्रांची सफाई, संगीत, कथा, खेळण्याची सोय असे घटक सुटे करून त्यांची बेरीज करणे, हे कवितेला वृत्तासाठी तीन आणि आशयासाठी चार गुण देण्यासारखे आहे. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. अनेक फाटे असलेल्या कृतीचा एकच फाटा वाचून परीक्षण लिहिले गेले, तर ते संपूर्ण कृतीचे परीक्षण आहे असे म्हणता येत नाही. म्हणजे चित्र आणि मजकूर यांचा संबंध कसा तपासावा आणि अनेक फाट्यांची कृती ‘एक’ कृती म्हणून कशी वाचावी, असे दोन प्रश्न येथे निर्माण होतात. या दोन्ही प्रश्नांच्या दृष्टीने पैठणशी संबंधित दोन परंपरा विचारात घेण्यासारख्या आहेत.

४. चित्र आणि निवेदन : चित्रकथीची कसोटी

चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या चालुक्य राजा सोमेश्वराच्या ग्रंथात आढळतो. महाराष्ट्रात ही परंपरा चित्रकथी या नावाने टिकली. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने ती जपली असून तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. याच परंपरेतील चित्रांचा एक वर्ग ‘पैठण शैली’ या नावाने ओळखला जातो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणचे नाव त्यामुळे चित्रकथेच्या इतिहासाशी जोडले गेले आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही अशा चित्रांचा संग्रह आहे.

चित्रकथेचा विचार करताना या जिल्ह्यातील अभ्यासकास अजिंठा प्रथम आठवणे स्वाभाविक आहे. परंतु अजिंठ्याच्या भिंतीवर जातककथेतील अनेक प्रसंग एकाच वेळी डोळ्यांपुढे असतात आणि पाहणारा चालत राहतो. चित्रकथीच्या पोथीत एका वेळी एकच चित्र समोर येते, श्रोता बसलेला असतो आणि चित्र केव्हा बदलावे हे निवेदक ठरवितो. दृश्यकादंबरी या दुसऱ्या प्रकाराच्या जवळची आहे. जपानमध्येही असाच पूर्वज सापडतो. १९३० च्या दशकात सायकलीवर लाकडी चौकट घेऊन गल्लोगल्ली फिरणारे ‘कामिशिबाइ’वाले मुलांना गोळ्या विकत आणि चित्रे सरकवीत कथा सांगत. दूरचित्रवाणीच्या प्रसारानंतर हा व्यवसाय मावळला. या दोन देशांतील परंपरांचा परस्परांशी संबंध होता असे येथे सुचवावयाचे नाही. स्थिर चित्र आणि चालता आवाज यांच्या मेळातून उद्भवणारी कलेची समस्या दोन्हीकडे समान आहे, एवढेच म्हणावयाचे आहे.

ती समस्या अशी : चित्र थांबलेले असते आणि कथा पुढे जात असते. चित्रकथीच्या चित्रातील राम धनुष्य ताणून उभा असतो. त्याच्या मनातील खळबळ गायकाच्या आवाजात आणि श्रोत्याच्या कल्पनेत घडते. चित्राने सर्व काही सांगून टाकले तर आवाजाला काम उरत नाही. दृश्यकादंबरीत पात्राची तीच उभी आकृती, पाच-सहा चेहऱ्यांच्या फरकाने, शेकडो प्रसंगांत वापरली जाते. वरवर पाहता ही काटकसर आहे. परंतु चांगला लेखक या काटकसरीचा उपयोग करून घेतो. ‘हिगुराशी’च्या मूळ आवृत्तीतील चित्रे अगदी साधी, काहींच्या मते ओबडधोबड आहेत. हसऱ्या चेहऱ्याच्या त्याच आकृतीखाली जेव्हा संशयाने भरलेला मजकूर येतो, तेव्हा ते हसू भीतिदायक वाटू लागते. चित्रात काहीही बदललेले नसते. बदललेली असते ती वाचकाची नजर. चित्रांच्या सफाईला सुटे गुण देणारा परीक्षक या ठिकाणी गुण कापेल आणि कृतीचे मर्म त्याच्या हातून निसटेल.

५. फाटे आणि पाठभेद

दुसरी परंपरा पाठचिकित्सेची आहे. १२९० मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पुढील तीन शतकांत अनेक पाठभेद शिरले. संत एकनाथांनी पैठण येथे निरनिराळ्या प्रती ताडून शके १५०६ म्हणजे १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. विसाव्या शतकात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती तयार केली. एक प्रत म्हणजे संपूर्ण ग्रंथ नव्हे, हा या पद्धतीचा पहिला धडा होय. भिन्न पाठ शेजारी ठेवूनच ग्रंथाविषयी बोलता येते.

दृश्यकादंबरीचे फाटे आणि हस्तलिखितांचे पाठभेद यांत मोठा फरक आहे, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. पाठभेद लेखनिकांच्या हातून, कालौघात आणि बहुधा कर्त्याच्या इच्छेविरुद्ध निर्माण होतात. फाटे कर्ता स्वतः रचतो. म्हणून येथे मूळ शुद्ध पाठ शोधावयाचा नसतो. भेदांची मांडणी हाच येथे कर्त्याचा आशय असतो. परंतु सर्व पाठ जमवावे, ताडून पाहावे आणि भेद कोठे व का आहे हे सांगावे, ही शिस्त दोन्हीकडे तीच लागते.

किनोको नासु यांच्या ‘फेट/स्टे नाइट’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. या कृतीत तीन फाटे असून ते ठरावीक क्रमानेच उघडतात. नायकाला सर्वांना वाचविणारा माणूस व्हायचे असते. पहिल्या फाट्यात हा आदर्श तो धरून ठेवतो. दुसऱ्यात त्याच आदर्शामुळे उद्ध्वस्त झालेल्या स्वतःच्या भावी रूपाशी त्याची गाठ पडते. तिसऱ्यात एका व्यक्तीसाठी तो आदर्शच सोडून देतो. केवळ पहिला फाटा वाचणाऱ्यास ही भाबड्या आदर्शवादाची कथा वाटेल. तिन्ही वाचल्यावर ती एकाच नैतिक प्रश्नाची तीन उत्तरे ठरते. शिवाय या कृतीच्या आवृत्तीही भिन्न आहेत. २००४ च्या मूळ आवृत्तीतील प्रौढांसाठीची दृश्ये २००७ च्या प्लेस्टेशन आवृत्तीत वगळली गेली व पात्रांना आवाज मिळाला. अधिकृत इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला. समीक्षकाने आपण कोणती आवृत्ती व कोणते फाटे वाचले हे आरंभीच नमूद करणे, ही येथे किमान सचोटी आहे.

‘क्लॅनाड’मध्ये इतर पात्रांच्या कथा वाचून प्रकाशबिंदू जमविल्याखेरीज अखेरचा खरा शेवट उघडत नाही. शाळकरी प्रेमकथेच्या वेष्टनात ही कृती असे सुचविते की, एका कुटुंबाचे सुख शेजारच्या अनेकांच्या दुःखाकडे लक्ष दिल्याशिवाय पुरे होत नाही. हा आशय कोणत्याही एका वाक्यात लिहिलेला नाही. तो फाट्यांच्या रचनेत आहे आणि म्हणूनच कथासार सांगणाऱ्या परीक्षणात तो सापडत नाही.

६. निवड आणि जबाबदारी

दृश्यकादंबरीचे वैशिष्ट्य वाचकाच्या निवडीत आहे, असे सामान्यतः सांगितले जाते. हे विधान तपासून घेण्याजोगे आहे. ‘हिगुराशी’मध्ये वाचकाला निवडीचा अधिकारच नाही. १९८३ च्या जून महिन्यातील त्याच खेड्याची, त्याच उत्सवाची कथा प्रत्येक प्रकरणात पुन्हा सुरू होते आणि निराळ्या रीतीने उद्ध्वस्त होते. पहिल्या प्रकरणातील निवेदक आपल्या मैत्रिणींवर संशय घेतो आणि वाचकही त्याच्याबरोबर संशय घेतो. पुढे तो संशय भ्रम होता हे उघड होते, तेव्हा निवेदकाबरोबर वाचकही दोषी ठरतो. बटणाने निवड न करताही वाचकाने मनाने निवड केलेली असते. पर्यायांची संख्या मोजून कृतीची प्रत ठरविणे म्हणूनच चुकीचे आहे. वाचकाला आपल्या वाचण्याची जबाबदारी जाणवते काय, हा खरा निकष आहे.

‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’मध्ये हा निकष उघडपणे नाट्यात आणला आहे. साहित्यमंडळाच्या या कथेत वाचक यादीतून वीस शब्द निवडून ‘कविता’ करतो. कोणता शब्द कोणत्या मुलीला आवडेल एवढाच त्या निवडीचा हिशेब असतो. कवितेचे खुशामतीत झालेले हे रूपांतर प्रथम गमतीचे आणि नंतर क्लेशकारक वाटते. आत्महत्येसारख्या विषयामुळे ही कृती लहानांसाठी नाही, अशी सूचना तिच्या आरंभीच दिलेली आहे.

येथेच या प्रकाराच्या सर्वांत मोठ्या दोषाचा विचार केला पाहिजे. दृश्यकादंबरीचा मोठा भाग प्रौढांसाठीच्या बाजारपेठेत वाढला आणि स्त्रीपात्राला फाट्याच्या शेवटी मिळणारे बक्षीस मानण्याची सवय त्या बाजारपेठेने लावली. योग्य पर्याय निवडत गेले की मुलगी वश होते, हे गणित अनेक कृतींत निर्लज्जपणे मांडलेले आढळते. जपानी विचारवंत हिरोकी अझुमा यांनी २००१ मधील ग्रंथात दाखविले की, ही पात्रे केस, पोशाख, बोलण्याची लकब अशा तयार घटकांच्या साठ्यातून जुळविली जातात आणि वाचक कथेऐवजी त्या घटकांचेच सेवन करतो. हे निरीक्षण बहुसंख्य कृतींना लागू पडते. थोड्या चांगल्या कृती मात्र हाच साठा वापरून त्यातील पोकळपणा उघडा करतात. या दोहोंत फरक करणे हे समीक्षेचे काम आहे. सरसकट निषेध आणि सरसकट कौतुक या दोन्हींमुळे ते टळते.

७. मराठीचा प्रश्न

मराठी वाचकापर्यंत ही जपानी कृती इंग्रजीतून येते आणि या प्रवासात बरेच काही गळते. ‘एस अटर्नी’ या २००१ च्या न्यायालयीन कथामालिकेच्या इंग्रजी रूपात जपानमधील प्रसंग लॉस एंजेलिसमध्ये नेले गेले आणि पात्राच्या आवडीचे रामेन बर्गर झाले. याहून सूक्ष्म हानी संबोधनांची आहे. जपानीत आडनावापुढे ‘सान’ लावून बोलणारी व्यक्ती एके दिवशी केवळ नावाने हाक मारते, हा प्रसंग कथेत निर्णायक असू शकतो. इंग्रजीच्या एकाच ‘यू’मध्ये तो बुजून जातो. मराठीत ‘तुम्ही’ आणि ‘तू’, ‘अहो’ आणि ‘अरे’ यांतील अंतर कोणत्याही वाचकाला समजावून द्यावे लागत नाही. ‘दादा’, ‘ताई’ ही संबोधने नात्याबाहेरही चालतात, हेही जपानी रीतीशी जुळणारे आहे. म्हणजे ज्या भाषेतून आपण हे साहित्य वाचतो तिच्यापेक्षा ज्या भाषेत ते उपलब्ध नाही ती भाषा त्यास अधिक अनुकूल आहे.

तांत्रिक अडथळाही दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. २००४ पासून विनामूल्य उपलब्ध असलेल्या ‘रेनपाय’ या साधनावर जगभरातील हौशी लेखक दृश्यकादंबऱ्या रचतात. परंतु त्यात देवनागरीची जोडाक्षरे आणि वेलांट्या दीर्घकाळ नीट जुळत नसत. अलीकडील आवृत्त्यांत अक्षरजुळणीची व्यवस्था आल्याने ही सबब उरलेली नाही. भारतात कथाप्रधान खेळ निर्माण होत नाहीत असेही नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या ‘राजी’ (२०२०) या खेळात कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या शैलीत सांगितले आहेत, तर गोव्यातील फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्हच्या ‘फरगॉटन फील्ड्स’ (२०२१) या कृतीचा नायक लेखक आहे. या कृती जपानी अर्थाने दृश्यकादंबऱ्या नाहीत आणि त्यांची मूळ लेखनभाषा मराठी नाही. तथापि, कौशल्य येथेच आहे, एवढे त्यांवरून सिद्ध होते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास केंद्र सरकारने मान्यता दिली. या दर्जाचा गौरव करताना जुन्या पोथ्यांची आठवण होणे योग्यच आहे. परंतु पोथी एकेकाळी नवीच होती आणि चित्रकथीने तिच्यासाठी चित्रे काढली तेव्हा तेही त्या काळचे नवे माध्यम होते.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) दृश्यकादंबरी हा प्राधान्याने वाचनाचा प्रकार असून खेळांच्या गुणांकन पद्धतीने तिचे मूल्यमापन अपुरे ठरते.

(२) तिच्यातील चित्रे सफाईवरून न तोलता, चित्राने निवेदनासाठी किती जागा मोकळी ठेवली यावरून तोलावीत. चित्रकथीची परंपरा ही कसोटी पुरविते.

(३) समीक्षकाने कृतीची आवृत्ती व वाचलेले फाटे नमूद करावेत आणि फाट्यांमधील भेद हाच आशय मानून त्यांचे तौलनिक वाचन करावे. पाठचिकित्सेची शिस्त येथे मार्गदर्शक आहे.

(४) निवडींच्या संख्येपेक्षा वाचकावर येणाऱ्या नैतिक जबाबदारीला महत्त्व द्यावे. स्त्रीचित्रणाची चिकित्सा हा या निकषाचाच भाग आहे.

(५) संबोधनांच्या दृष्टीने मराठी ही जपानी दृश्यकादंबरीच्या अनुवादास विशेष अनुकूल भाषा आहे.

अनुवाद किंवा निर्मिती यांची वाट न पाहता समीक्षेने आरंभ करण्यास हरकत नाही. मराठी विभागातील विद्यार्थ्याने एखादी दृश्यकादंबरी सर्व फाट्यांसह वाचून तिच्यावर मराठीत वीस पानांचा प्रकल्प लिहिला, तर त्यासाठी नवे यंत्र वा अनुदान लागणार नाही. तो प्रकल्प गांभीर्याने तपासणारा मार्गदर्शक मात्र लागेल, आणि त्या मार्गदर्शकाने ती कृती आधी स्वतः वाचलेली असावी लागेल.